शेऱ्याचा रकाना

आपल्याकडच्या कुठल्याही छापील तक्त्याला शेवटी एक रकाना असतो, शेरा. शाळेच्या हजेरीपटाला असतो, ग्रंथालयाच्या रजिस्टरला असतो, पाणीपट्टीच्या वहीलाही असतो. माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांना पट्टीने तक्ते आखून द्यायचे. शेवटचा रकाना मी मुद्दाम चिंचोळा आखायचे, कारण तो कोरा राहण्यासाठीच असतो हे मला दिसत होतं. "जरा रुंद ठेव गं," वडील म्हणायचे, "एखाद्याला काही सांगायचं असेल तर जागा नको?" मी म्हणायचे, बाबा, आजवर कोणी काही सांगितलंय का? ते हसायचे आणि पुढचा कागद सरकवायचे.

हे मला कितीतरी वर्षांनी आठवलं, इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते तेव्हा. पण ते शेवटी. आधी मी तिथवर कशी पोचले ते सांगते.

नवऱ्याला इथल्या एका बिझनेस पार्कात नोकरी लागली आणि त्याच्या व्हिसाच्या मागोमाग मी आले. पुण्यात मी संख्याशास्त्र शिकवत होते. इथे पहिली दीड वर्षं पोळ्या लाटल्या आणि चिडचिड केली. मग लंडनमधल्या एका लहानशा संस्थेत काम मिळालं. ही संस्था झांबियाच्या पूर्वेकडच्या एका ग्रामीण जिल्ह्यात पहिली ते तिसरीच्या मुलांना त्यांच्या भाषेत वाचायला शिकवायची. दर शनिवारी आंब्याच्या झाडाखाली वर्ग भरायचा, गावातलीच चार बुकं शिकलेली माणसं शिकवायची, आणि प्रत्येक मूल जाताना एक पातळ पुस्तक कापडात गुंडाळून घरी न्यायचं. पुढच्या शनिवारी ते परत आणून दुसरं घ्यायचं. एवढाच सगळा कारभार.

माझं काम मात्र शिकवण्याचं नव्हतं. मुलं खरंच शिकतात याचा पुरावा गोळा करण्याचं होतं. पैसे देणाऱ्या मोठ्या संस्था हसऱ्या मुलांचे फोटो बघून आता पैसे देत नाहीत. त्या विचारतात, तुमच्यामुळे नेमका किती फरक पडला? मला हा प्रश्न फार आवडायचा. मुळात माझा स्वभाव संशयी. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे भाजी छान झालीय म्हणायचीही चोरी, तू विचारणार, कशाच्या तुलनेत?

तर तुलना हवी होती. त्याची माझी रीत अशी. जिल्ह्यातली काही गावं निवडायची आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या गावांत पुस्तकं लगेच जाणार, उरलेल्या निम्म्यांत दोन वर्षांनी. दोन्हीकडच्या काही मुलांची सुरुवातीला, मध्ये एकदा आणि शेवटी परीक्षा घ्यायची. मुलाला एकट्याला समोर बसवायचं, हातात एक छापील कार्ड द्यायचं, घड्याळ लावायचं. मिनिटभरात किती शब्द वाचले ते लिहायचं. पहिल्या ओळीतला एकही शब्द आला नाही तर थांबायचं, शाबास म्हणायचं, कार्ड परत घ्यायचं आणि शून्य लिहायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसंच.

एक नियम इथल्या कायद्याप्रमाणे होता. लंडनला मुलांची नावं येता कामा नयेत. प्रत्येक मुलाला एक क्रमांक, आणि कुठला क्रमांक कोणाचा हे एका वहीत. ती वही तिकडे कुलपात राहील आणि काम संपलं की जाळून टाकायची, असं मीच लिहून दिलं होतं.

फॉर्मही मीच आखला. गाव, इयत्ता, वय, शब्द, वेळ. सगळं झाल्यावर कागद मला अपुरा वाटला. काय राहिलं ते कळेना, आणि मग हात आपोआप चालला. शेवटी एक चिंचोळा रकाना आखला आणि वर लिहिलं, शेरा.

तिकडची सगळी जबाबदारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेवर होती. साठीच्या पुढच्या, बुटक्या, आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगंही सरळ बसावं. तोंडाने मी त्यांना आडनावाने हाक मारायचे, मनात मात्र बाईच म्हणायचे. दर मंगळवारी आमचा फोन व्हायचा. त्यांच्या मागे कोंबड्या ओरडत असायच्या, माझ्या मागे वॉशिंग मशीन. त्या मला मॅडम म्हणत. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, पण पैसे माझ्या बाजूने जात होते, म्हणून मी मॅडम.

चिठ्ठ्या टाकल्यानंतरच्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "मॅडम, ज्यांना थांबायला सांगितलंय ती गावं विचारतायत, आमचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. चिठ्ठी आहे. दोन वर्षांनी त्यांना मिळणारच."

"हे मी सांगितलं. पण मी त्यांच्यातलीच. ते म्हणतात, पाठवणाऱ्यांनी सांगावं."

मग मी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर एक व्हिडिओ केला. इस्त्रीचा कुर्ता घातला, ओट्यावरची भांडी बाजूला सारली. बाईंकडून त्यांच्या भाषेतलं एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, "दोन वर्षांनी तुमची पाळी." तेवढं त्यांच्या भाषेत म्हटलं, बाकीचं बाईंनी समजावलं. आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेने पुढच्या टप्प्याला "तत्त्वतः मान्यता" असल्याचं पत्र पाठवलं होतं, त्या भरवशावर. तत्त्वतः मान्य म्हणजे नाही म्हणायचं राहिलंय एवढंच, असं वडील ऑफिसातून येऊन सांगायचे. कारकुनाच्या मुलीने हे विसरायला नको होतं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं मी न आलेल्या पैशांवर वचन देऊन मोकळी झाले.

बाईंनी गावाच्या बैठकीत तो व्हिडिओ दाखवला आणि त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवलं. माझं वाक्य संपलं आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपल्यासारख्या कडकडाटाच्या नाहीत. ओंजळीसारखे हात वाकवून, संथ, एका लयीत, जमिनीवर बसल्या बसल्या.

"त्यांना आवडलं?" मी विचारलं.

"आवडल्याच्या नाहीत त्या," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे आलेल्या माणसाचं बोलणं ऐकून झालं की अशा टाळ्या वाजवतात. म्हणजे तुमचं बोलणं पोचलं. आम्ही घेतलं."

त्याच सुमाराला माझी मुलगी इथल्या शाळेत वाचायला शिकत होती. इथे मुलांना रोज एक पुस्तक घरी देतात आणि सोबत एक लहान वही. मुलाने काय वाचलं, कुठे अडलं, हे आईबापांनी रोज त्या वहीत लिहायचं आणि टीचरने वाचून सही करायची. मी अगदी मन लावून लिहायचे. एकदा मी लिहिलं की मुलगी शब्द चित्रावरून ओळखते, वाचत नाही, काय करू? आठवडाभर त्यावर काही नाही. ना सही, ना उत्तर. माझं डोकं फिरलं. मी शाळेला चांगली खरमरीत ईमेल केली. वाचायचंच नसेल तर आम्हाला लिहायला कशाला सांगता?

"एवढ्याशा गोष्टीवरून कम्प्लेंट कशाला?" नवरा म्हणाला. "टीचरला तीस मुलं आहेत, शी मस्ट बी बिझी."

"मला एकच आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्या टीचरने वहीत पानभर उत्तर लिहिलं आणि वर सॉरी म्हटलं. मी जिंकल्यासारखी फिरत होते.

पहिल्या वर्षाचा पावसाळा संपला आणि एका मंगळवारी बाई नेहमीसारख्या बोलेनात. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "नदी आटलीय."

पुस्तकांचं एक गाव नदीच्या अलीकडे होतं आणि थांबलेल्यांतलं एक पलीकडे. पाऊसभर नदी भरलेली, त्यामुळे कोणाचं येणंजाणं नव्हतं. आता वाळू उघडी पडली होती आणि पलीकडची मुलं शनिवारी चालत येऊन आंब्याखाली बसत होती. मागच्या ओळीत, गुपचूप. पुस्तक मागत नव्हती. नुसती ऐकत होती.

मी घाबरले, आणि आज लिहायला लाज वाटते, पण ती भीती त्या मुलांसाठी नव्हती. ती मुलं वाचायला शिकली तर माझ्या तुलनेची वाट लागणार होती. "त्यांना येऊ देऊ नका," मी म्हटलं. "नाहीतर फरक दिसणार नाही. फरक नाही दिसला तर पैसे नाहीत. कोणालाच नाहीत, त्यांनासुद्धा."

मग बाई म्हणाल्या, "मॅडम, मी पस्तीस वर्षं शाळेत होते. वर्गाबाहेर गेलेल्या मुलाला आत कसं आणायचं ते मला येतं. आत आलेल्याला बाहेर कसं काढायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही."

"दोनच वर्षं, बाई." मी चुकून मराठीत बाई म्हटलं. "त्यातलं एक गेलंसुद्धा. त्यांच्या भल्यासाठीच."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी ते काम दुसऱ्या कोणावर ढकललं नाही. स्वतः नदीच्या वाळूत जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलांना परत पाठवलं. तीन शनिवार. चौथ्या शनिवारी कोणी आलं नाही. हे मला त्यांनी एका ओळीच्या मेसेजने कळवलं आणि मी उत्तर दिलं, "थँक यू सो मच!" उद्गारचिन्हासकट.

दोन वर्षं झाली. तिसऱ्या परीक्षेचे फॉर्मही आधीच्या दोन्हींसारखेच तिकडे टाइप होऊन माझ्याकडे आले. माझ्या हिशोबाला लागत होते आकडे. शेऱ्याच्या रकान्यात काहीबाही मजकूर होता, तो आकडेमोडीत अडकत होता. कॉम्प्युटरला एका ओळीची आज्ञा दिली की असा रकाना बाजूला पडतो. पहिल्या परीक्षेच्या वेळी मी तो तसा बाजूला टाकला होता, दुसऱ्याच्या वेळी टाकला होता, तिसऱ्याच्या वेळीही टाकला. आत काय आहे ते बघावंसं मला वाटलं नाही. शेराच तो.

निकाल इतका स्पष्ट होता की मी तीनदा तपासला. आलेखावर दोन रेघा. पुस्तकांच्या गावांची रेघ चढत गेलेली, थांबलेल्या गावांची जमिनीला चिकटलेली. लंडनला देणाऱ्या संस्थेच्या काचेच्या खोलीत मी तो आलेख पडद्यावर दाखवला. समोरच्या अधिकारी म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे हे!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती खालची रेघ जितकी सपाट, तितकं आमचं यश मोठं दिसत होतं. सपाट राहण्यासाठी कोणाकोणाला वाळूतून परत जावं लागलं, हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं, आणि मी बिस्किट खात होते.

काम संपलं म्हणून नियमाप्रमाणे बाईंना नावांची वही जाळायला सांगितलं. त्यांनी एका पत्र्याच्या डब्यातल्या राखेचा फोटो पाठवला. मी तो ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवला आणि यादीत बरोबरची खूण केली.

दोन महिन्यांनी देणाऱ्या संस्थेची ईमेल आली. पुराव्याच्या दर्जाचं तोंड भरून कौतुक होतं. एवढा पक्का पुरावा आपल्या क्षेत्राला उपयोगी पडेल, असंही होतं. मात्र संस्थेने आपला पुढच्या काळातला भर वेगळ्या विषयांवर ठरवला असून दुसऱ्या टप्प्याला पैसे देता येणार नाहीत. ईमेलखालची सही आमच्या ओळखीच्या माणसाची नव्हती.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले, उंच, मवाळ इंग्रज गृहस्थ. त्यांनी दोघांसाठी चहा केला, आपला कप तसाच थंड होऊ दिला. मी आरडाओरडा केला. म्हटलं, पुरावा द्या म्हणालात, दिला. आता अजून काय द्यायचं? ते म्हणाले, "पुरावा चांगला असला की पैसे मिळतात असं मलाही वाटत होतं. तीस वर्षं वाटत आलंय." सहा महिने आम्ही दारोदार फिरलो. कोणाला शहरं हवी होती, कोणाला टॅब्लेटवरचं शिक्षण हवं होतं, कोणाला फक्त नवीन कल्पना हव्या होत्या. आमची कल्पना सिद्ध झालेली होती, म्हणजे जुनी. जी थोडी शिल्लक होती तिच्यात आधीच्या गावांतले शनिवार कसेबसे चालले असते. थांबलेल्यांसाठी काही नव्हतं.

ऑफिसने आभाराचं एक पत्र तयार केलं. अभ्यासातल्या सहभागाबद्दल गावांचे ऋणी आहोत वगैरे. मी ते बाईंना पाठवलं. त्यांचा मंगळवारची वाट न बघता फोन आला.

"हे पत्र मी वाचणार नाही."

"का?"

"वचन दिलंत तेव्हा त्यांनी तुमचा चेहरा पाहिलाय. आता कागद दाखवू?"

तिकिटाचे पैसे ऑफिसकडे नव्हते. माझ्याकडे होते, खोटं कशाला बोलू. व्हिसाच्या नूतनीकरणाला पासपोर्ट गेला होता हे खरं, पण तो येईपर्यंत थांबता आलं असतं. मला जायचं नव्हतं. त्यांच्यासमोर बसून सांगायची माझी छाती नव्हती. पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा मोबाइल. पाच वेळा सुरुवात केली आणि पाच वेळा मध्येच थांबले. मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती तोवर आठ वर्षांची झाली होती, जाडजूड पुस्तकं वाचायची.

"आई, तू सॉरी का म्हणतोय?"

"म्हणत्येस," मी सवयीने सुधारलं. "मी प्रॉमिस केलं होतं, ते होत नाहीये."

"मग नेक्स्ट इयरला दे."

मी तिला बाहेर पाठवलं आणि सहाव्यांदा सुरुवात केली. पैसे मिळाले नाहीत, चूक माझी, तुम्ही थांबलात, तुमचं काही चुकलं नव्हतं. एवढंच बोलले.

बाईंनी त्याचंही रेकॉर्डिंग पाठवलं. तीच बैठक, तेच झाड. माझा आवाज संपला आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. ओंजळीच्या, संथ, पहिल्या वेळी वाजवल्या होत्या अगदी तशाच. कोणी उठून गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आणखी काही महिन्यांनी ऑफिसने कळवलं की प्रकल्प बंद झाला आहे, तेव्हा कायद्याप्रमाणे मुलांची सगळी माहिती पुसून टाका आणि तसं लेखी द्या. तो शनिवार होता. नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मी टेबलावर लॅपटॉप उघडला. पुसायच्या आधी एकदा मूळ फाईल उघडावी असं का वाटलं, सांगता येत नाही. उघडली, आणि शेवटचा रकाना समोर आला.

एकही शेरा कोरा नव्हता.

बाईंनी प्रत्येक मुलाचं लिहिलं होतं. मुख्याध्यापिकाच त्या. रकाना दिलाय म्हणजे भरायचा, आणि तिकडे कोणीतरी वाचणार. "सकाळपासून खाल्लेले नाही, म्हणून हळू." "अक्षरे ओळखतो, पण कार्ड उलटे धरले." "आजी सोबत आली, आजीलाही बघायचे होते." वडिलांचा आवाज आला, रुंद ठेव गं.

मग थांबलेल्या गावांचे शेरे वाचायला लागले. नदीपलीकडच्या गावातली एकोणीस क्रमांकाची मुलगी. पहिल्या वेळी दुसरीत होती. तिन्ही परीक्षांत शून्य. सपाट रेघेतली एक.

पहिल्या परीक्षेचा शेरा असा होता. "कार्ड परत देईना. पुस्तके कधी येणार विचारते. दोन वर्षांनी, असे सांगितले."

दुसऱ्या परीक्षेचा, म्हणजे वाळूतल्या त्या शनिवारांनंतरचा. "मुलगी विचारते, दोन वर्षे पूर्ण होतील तेव्हा मी चौथीत असेन, पुस्तके तर तिसरीपर्यंतच आहेत. मोठी मुलगी आली तर चालेल का? चालेल, असे मी सांगितले. माझे चुकले असल्यास मॅडमनी कळवावे."

हा हिशोब आठ वर्षांच्या मुलीने केला होता. मी केला नव्हता. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे दिसलंच नव्हतं की पैसे आले असते तरी ज्या मुलांना थांबवलं त्यांतली बहुतेक तोवर वर्गाबाहेर गेली असती. वचनच मुळात दुसऱ्यांसाठी होतं. शीत काढतात, बोटांत चेपून बघतात, भात शिजलाय की नाही ते कळतं. चेपलेलं शीत परत पातेल्यात कोणी टाकत नाही.

तिसऱ्या परीक्षेचा शेरा एका ओळीचा होता. "मुलीने काही विचारले नाही."

मी रडले. पोहायला गेलेली माणसं परत यायच्या आत रडून घेतलं. मग बाईंना फोन लावला. मंगळवार नव्हता, त्यामुळे त्या घाबरूनच बोलल्या, "मॅडम, सगळं ठीक?"

"नदीपलीकडच्या गावातली एकोणीस नंबरची मुलगी," मी म्हटलं. "तिचं नाव सांगा मला. मी तिला पुस्तकं पाठवते. माझ्या खर्चाने. ऑफिसचा संबंध नाही."

"नाव वहीत होतं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला आठवत नाही?"

"नंबर माझ्या लक्षात राहत नाहीत, मॅडम. नावं राहतात. पण कुठल्या नंबरचं कुठलं नाव, ते वहीत होतं. वही जाळली. तुम्हाला राखेचा फोटो पाठवला होता."

"कार्ड परत देत नव्हती ती," मी म्हटलं. "चौथीत गेलेली चालेल का, असं विचारलं होतं तिने."

"पुष्कळ जणी कार्ड परत देत नव्हत्या," त्या म्हणाल्या. "पुष्कळ जणींनी विचारलं."

मग बाईंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात कसलाही आरोप नव्हता, शाळेत एखादी शंका विचारावी तसं विचारलं.

"मॅडम, मी शेरे लिहायचे ते तुम्ही वाचत होतात ना? दर वेळी मी मुलांना सांगायचे, तुम्ही बोला, मी लिहिते, लंडनला एक मॅडम वाचतात. त्या मुलीचं विचारलं होतं मी तुम्हाला. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मी समजले, चालेल."

हो म्हणणं सोपं होतं. त्यांनाही बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही," मी म्हटलं. "मी आज वाचले. पहिल्यांदा."

फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, लाकडावर ठेवल्यासारखा. आणि मग तिकडून ओंजळीच्या टाळ्या ऐकू आल्या. संथ, एका लयीत, एकाच माणसाच्या.